भाजलेल्या पाच वाफ्यांची कैफियत

पोलादपूरच्या अलीकडे,
७ जुलै

ती. दादास,

अनूचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होते, पण हल्ली आडवी झाले की लगेच झोप लागते, तेव्हा उभ्यानेच केला आहे असं समज. तुझी साखर कशी आहे? संजीवनीवहिनींचा खांदा? इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. प्रवीणची कंबर धरली आहे, पण तोंड चालू आहे, त्यामुळे काळजीचं कारण नाही.

फेब्रुवारीत आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत तू साठ माणसांदेखत म्हणालास, की या मुरमाड बारा गुंठ्यांत वर्षाच्या आत काही हिरवं उगवलं तर मी स्वतः गुडघाभर चिखलात उतरेन. कृषी खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाचं म्हणणं, त्यामुळे सगळे पोट धरून हसले (प्रवीण सगळ्यांत जास्त). मी तेव्हा तुझ्याच पानात जिलबी वाढत होते. त्यानंतर पाच महिने तू फोन केला नाहीस, मीही केला नाही. म्हणून हे पत्र. पत्रात मधेच तोडून "ते राहू दे, आधी माती तपासलीस का?" असं तुला विचारता येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

तर पर्माकल्चर म्हणजे काय ते तुला माहीत असेलच (नसलं तरी तसं तू कबूल करणार नाहीस). मी त्याचं तीन दिवसांचं शिबिर केलं. जमीन नांगरायची नाही, खणायची नाही, आणि जाळायचं तर मुळीच नाही. खाली पुठ्ठा, त्यावर शेण, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, मग सुकं गवत, वरून थोडी माती, आणि मग स्वस्थ बसायचं. चौतीस वर्षं भूगोल शिकवल्यावर स्वस्थ बसणं मला जमत नाही, पण पुठ्ठे गोळा करणं जमतं. महाडच्या बाजारपेठेत दुकानोदुकानी जाऊन मी रिकामी खोकी मागितली. एका साडीवाल्याने बिस्किटांची खोकी दिली, ती त्याच्याकडे कशी आली ते मी विचारलं नाही. एवढं बिऱ्हाड घेऊन एसटीत चढले तेव्हा कंडक्टरने फार आपुलकीने विचारलं, बाई, बदली कुठे झाली? पाच खेपांत पाच वाफ्यांपुरते पुठ्ठे जमले.

शेण आणि पातेरा पुरवला आमच्या शेजाऱ्यांनी, दत्ताराम आणि राहीबाईंनी. साठीचं जोडपं आहे, ओढ्याकाठी त्यांचं भाताचं शेत आहे. राहीबाईंनी पातेऱ्याचे अकरा भारे डोक्यावरून आणून टाकले आणि चहाला बसवलं तर कपबशी स्वतःच विसळून ठेवली. वाफे तयार झाल्यावर दत्तारामांनी एकच विचारलं, की हे भाजायचं कधी? कधीच नाही, असं सांगून मी त्यांना निसर्गचक्रावर अर्धा तास व्याख्यान दिलं. ते मान डोलावत राहिले. (मागच्या बाकावरची मुलं अशीच मान डोलवायची. मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.) त्यांना त्यातून कळलं ते एवढंच, की बाई शहरातली, जाळाला घाबरते, नवऱ्याची कंबर गेली आहे आणि मदत मागायला लाजते आहे.

एप्रिलमध्ये प्रवीणच्या पुतणीच्या लग्नाला आम्ही चार दिवस ठाण्याला गेलो. परत आलो तर अंगणासमोर पाच काळे चौकोन. काम इतकं नेटकं, की भोवतीचं गवत आधी साफ केलेलं, जाळ सरकू नये म्हणून पाण्याच्या कळश्या भरून ठेवलेल्या, कडा झाडून घेतलेल्या. इथे भाताचं रोप करायच्या जागेवर शेण, पातेरा, गवत आणि वर माती असे थर देऊन उन्हाळ्यात भाजतात, त्याला राब म्हणतात. हे मी आठवीच्या वर्गाला दरवर्षी शिकवलं आहे, व्याख्येसह. पाहिलं मात्र नव्हतं. थर तेच, क्रम तोच, शिबिरात आणि यांच्यात फरक फक्त काडेपेटीचा. राहीबाई कौतुकाच्या अपेक्षेने कुंपणाशी उभ्या होत्या.

"बाई, तुमचा राब आमी भाजून टाकला. तुमी नव्हताव, पन वारा बरा व्हता. खोकी लय बेस पेटली."

मी आत जाऊन रडले, दादा. पुठ्ठ्यांसाठी नाही, तू म्हणाला होतास तेच खरं झालं म्हणून. मग मी त्या दोघांशी आठ दिवस अबोला धरला, पण तो त्यांच्या लक्षातच आला नाही. बाईंना ताप आहे असं समजून राहीबाई रोज पेज पाठवत राहिल्या आणि पुढे, भाजलेला राब रिकामा ठेवू नये म्हणून, दत्तारामांनी उरलेलं भाताचं बी त्यात पेरून टाकलं. अबोला धरायला समोरचा माणूसही तयारीचा लागतो. तुझ्याशी धरलेला किती छान जमला, बघ.

जून महिन्यात माझे पाचही वाफे असे हिरवे झाले, की प्रवीण खुर्ची ओढून त्यांच्यापुढे बसू लागला. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ओढा फुगला आणि दत्तारामांचं सगळं रोप घेऊन गेला. वर्षाचा भात गेला म्हणजे काय, ते तुला मी सांगायला नको. ते येऊन आमच्या ओट्यावर बसले. काही मागितलं नाही, नुसते वाफ्यांकडे बघत राहिले. मी म्हटलं, न्या हे, तुमचंच बी आहे. तर म्हणाले, "बी आमचा, पन राब तुमचा ना. खोकी तुमची." एवढा मोठेपणा मला आजवर कोणी दिला नव्हता.

तर येत्या रविवारी माझ्या वाफ्यांतलं रोप त्यांच्या शेतात लावायचं आहे. हिरवं उगवलं आहे, साठ साक्षीदार हयात आहेत. तू शब्दाचा पक्का आहेस असं आई म्हणायची.

वहिनींना नमस्कार. तुझी आठवण येते.

तुझी,
अनू

ता. क. इथे एकमेकांच्या लावणीला घरटी दोन माणसं जातात. प्रवीणची कंबर मी वर लिहिलीच आहे. राहीबाईंनी दुसरं माणूस म्हणून "बाईंचा भाव", म्हणजे तू, असं परस्पर ठरवूनही टाकलं आहे. जुनी अर्धी चड्डी आण.

पुन्हा ता. क. तू तपासणी करशीलच, म्हणून आधीच सांगते: त्या वाफ्यांतला एकही दाणा मी पेरलेला नाही आणि काडीही मी लावलेली नाही. तेव्हा काटेकोर बघितलं तर तूच जिंकलास. चिखलात उतरेपर्यंत हे कोणाला सांगू नकोस.

शेवटचं. पाकीट चिकटवणार तोच वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, की एकतीस वर्षांत तूही लावणी बांधावरूनच पाहिली आहेस. मला फार बरं वाटलं. राहीबाई शिकवणार आहेत. मागच्या रांगेत माझ्या शेजारी तुझी जागा धरून ठेवली आहे.