बुधवार सोडून कधीबी

हिंगोली, २६ सप्टेंबर २००२

ती. निताताईस,
संतरामचा शि. सा. न. वि. वि.

पत्र फाडायच्या आधी एवढी ओळ तरी वाच. काल सापडली! दारू सोडणाऱ्यांची मीटिंग सापडली!

तुझ्या पुजाच्या जावळाला लेकरू मामाच्या मांडीवर पाहिजे, अन् मामा पिऊन डुलून राहिला. दाजींनी चारचौघांत तिला उचलून नेलं, मला पुन्हा उंबरा चढू नको म्हणले. तवापासून शोधून राहिलो. स्टँडच्या खांबावर एक कागद होता. बुधवार, सहा वाजता, दारूचा आजार, एवढंच उरलेलं. पत्ता बकरीनं खाल्ला. विचारत गेलो तर एकानं सोयाबीनच्या बियाण्याच्या मीटिंगला नेऊन बसवलं. तासभर बसलो. चहा झकास होता. दाजींना सांग, पानं खालून बघावीत, अळी तिथंच असती.

हां, तर शेवटी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्या सोनाजीनं शाळेमागच्या खोलीत नेलं. तो स्वतःच तिथला निघाला. आठ वर्षं प्याला न्हाई, अन् मी त्याच्याच बाकड्यावर पिऊन पडायचो!

मी उपास धरून, डोक्यावरून आंघोळ करून, नारळ-हार घेऊन गेलेलो. वाटलं, महाराज असतील, माळ घालतील, जन्माची शपथ देतील. आपल्याकडं दारू अशीच सुटते, अन् आठ दिवसांत परत धरते. तिथं चटईवर सात माणसं. महाराज कुठायत विचारलं तर हसले. शपथ न्हाई म्हणले, फक्त आज प्यायची न्हाई, उद्याचं उद्या. मी रीतीपरमानं नाव, गाव, सोयरे सांगू लागलो, तर संतराम एवढं बास म्हणले. रागच आला. कसले माणसं, गावसुद्धा विचारीत न्हाईत! मग ध्यानात आलं, गाव कळलं न्हाई तर गावात बोभाटाबी होत न्हाई. नारळ फोडून सगळ्यांनी खाल्ला.

उत्तर सोनाजीच्या हॉटेलवर टाक. लोभ तुटला असला तर गाठ मारून घे.

तुझा संतराम


हट्टा, १ ऑक्टोबर २००२

चि. संतरामास अनेक आशीर्वाद.

फाडलं नाही. पण औंढ्याला माळ घातलीस ती परतीच्या एसटीतच तुटली होती, म्हणून आनंदसुद्धा जपून करते. दाजींना वाचून दाखवलं. सोयाबीनपर्यंत ऐकलं आणि उठून गेले. पानं मात्र उलटून बघितली.

सहा नोव्हेंबरला भाऊबीज आहे. तोवर शुद्धीत राहिलास तर मी त्यांच्याशी बोलेन. तोपर्यंत येऊ नकोस. दारात पुन्हा तुझा अपमान झालेला मला बघवणार नाही. जेवत जा.

वाट बघायला भिणारी,
ताई


हिंगोली, १७ ऑक्टोबर २००२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

वाईट आधी सांगतो. नऊ तारखेचा बुधवार हुकला. आमचं मळणीचं मशीन आखाडा बाळापूरला, शेंगा फुटून राहिलेल्या, मालक सोडीना. शनिवारी काम उरकलं, शेतवाल्यानं बाटली फोडली. मी प्यालो.

सतरा दिवस कोरडे गेले होते, ताई! गांधी जयंतीला दुकान बंदच होतं, तो दिवस धरू नको.

काल तीनदा खोलीच्या दारातून वळलो. मग गेलो अन् सांगून टाकलं. वाटलं, हाकलतील. दगडोबा म्हणून एक म्हातारा आहे, तो शेजाऱ्याला म्हणला, सरक जरा, पोराला बसू दे, मी तर अकरा वेळा पडलो. मला शिव्यांची सवय. जागा केल्यावर रडूच आलं. मालकाला बजावलंय, बुधवारी मशीन बंद पडलं तरी मी न्हाई. कुरकुरला, पण व्हय म्हणला.

आज पाचवा दिवस. पुन्हा एकपासून मोजणारा,
संतराम


हट्टा, २२ ऑक्टोबर २००२

चि. संतरामास आशीर्वाद.

यावेळी दाजी शेवटपर्यंत बसले. तू प्यालास ही ओळ मी घाईघाईनं वाचून टाकली. पण तेच म्हणाले, आजवर तोंडाला वास असताना हा आईची शपथ घ्यायचा. न विचारता खरं पहिल्यांदा बोलला. भाऊबिजेला बोलाव म्हणाले! स्वतःहून!

दिवेलागणीला ओवाळीन. करंज्या करून ठेवते. आता नाही म्हणू नकोस.

हरखलेली ताई


हिंगोली, २६ ऑक्टोबर २००२

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी बाकड्यावरच चढलो! अख्ख्या हॉटेलाला सांगितलं, दाजींनी बोलावलं म्हणून. सोनाजीनं कॅलेंडर काढलं अन् तारखेवर बोट ठेवलं. सहा तारीख. बुधवार.

सणाला पाय जास्त घसरतो, म्हणून त्या दिवशीबी मीटिंग आहे. दिवेलागणीला हट्ट्यात अन् सहा वाजता इथं, असं जमत न्हाई. दोन दिवस कॅलेंडर उलटंपालटं करून बघितलं. ताई, एक बुधवार हुकला तर काय होतं ते मी बघितलंय. दाजी म्हणतील, मोठा आला बहिणीचं ताट नाकारणारा. म्हणू दे.

बुधवार सोडून कधीबी बोलाव. न्हाई बोलावलं तर समजून घेईन. जड जाईल, पण घेईन.

पाया पडणारा,
संतराम


हट्टा, ३१ ऑक्टोबर २००२

चि. संतरामास उदंड आशीर्वाद.

रागावले होते, खोटं कशाला सांगू. पाट मांडायचा तो भावासाठीच ना. दाजींनी पत्र दोनदा वाचायला लावलं आणि हसायलाच लागले. म्हणाले, हा न बोलावता यायचा तेव्हा पिऊन यायचा. आता बोलावल्यावर नाही म्हणतो, म्हणजे पोरगं शुद्धीवर आलं.

भाऊबीज तुळशीच्या लग्नापर्यंत कधीही होते. जाऊबाईंनी भाऊ काहून येऊन नाही राहिला विचारलं, तर मी सरळ सांगितलं, बुधवारी त्याला काम आहे.

गुरुवारी ये. सकाळच्या गाडीनंच ये. तुझे दाजी फाट्यावर येऊन उभे राहणार आहेत.

तुझी ताई