टेबलाशी उभे बाबा

प्रिय धाकट्या,

बाबा झोपेत गेले, असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. बाबा उभ्याउभ्या गेले. भर दुपारी, दुकानात, माझ्या पाठीमागे चार हातांवर. तीन महिने हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

लहानपणी बाबा त्या पहारेकऱ्याची गोष्ट सांगायचे, आठवते? काठीला टेकून उभ्यानेच मेलेला. तीन दिवस लोक येताजाता त्याची विचारपूस करत राहिले, आणि बायकोनं जेवायला हाक मारली तेव्हा कुठे तो कोसळला. तू पांघरुणात शिरायचास. मी मोठी, म्हणून शहाणपणा करायचे, मेलेला माणूस उभा कसा राहील? राहतो रे. आपलं कापायचं टेबल उंच, मागे ताग्यांचं कपाट, मधे जेमतेम बाबांपुरती जागा. दोन्ही कोपरं टेबलावर, मान खाली, हातात कातरी. जन्मभर ते असेच तर उभे असायचे.

मी मशीनवर, त्यांच्याकडे पाठ करून. आमचा दोन दिवस अबोला होता. एक गिऱ्हाईक आलं, पँट झाली का विचारलं, उत्तर मिळेना तेव्हा म्हाताऱ्याला फार मिजास आलीय म्हणत तणतणत गेलं. मला मनातून बरंच वाटलं. चार वाजता चहा त्यांच्या कोपराशी आदळला. पाचला तो तसाच, गार. बसा रुसून, असं पुटपुटत मी तो ओतून टाकला. तेव्हाही चेहऱ्याकडे पाहिलं नाही. अंधारून आल्यावर मीच माघार घेतली, दिवा लावू का विचारलं. गोष्टीतल्यासारखे ते कोसळले नाहीत. मलाच त्यांना तिथून सोडवावं लागलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन तीन-चार तास झालेत. आधी कळलं असतं तर, हे विचारायचं मला धैर्य झालं नाही.

काल तुझं पत्र आलं. बाबांनी मला माफ केलं नाही, पण ताई, तू शेवटपर्यंत त्यांच्याशी बोलत होतीस, एवढं समाधान आहे, असं लिहिलंयस. ते वाचून राहवेना. आमचं कशावरून बिनसलं होतं, ऐक. त्यांना स्वतःला धड लिहिता यायचं नाही, म्हणून मला म्हणाले, धाकट्याला पत्र टाक. मी म्हटलं, तो भांडून घर सोडून गेल्यापासून नऊ वर्षं सगळं मी निस्तरलं, आता त्याला कशाला आवतण? मी नाही टाकलं. त्यांनी सांगितलेला मजकूर दोनच शब्दांचा होता. तो आज लिहिते. घरी ये.

तुझीच,
ताई