नाकाखालचा आरसा

ब्रह्मपुरी
दि. ८ सप्टेंबर १९५७

ती. सौ. बाईच्या पायी मुखरूचा नमस्कार. भाऊजींनाही सांगावा.

इकडे सगळं ठीक आहे. धान बरं उभं आहे. रामाजीभाऊंच्या दुकानात दिवाळीची शिलाई आत्तापासून येऊन पडली आहे आणि मशीनचा पट्टा नेहमीसारखा कामाच्या गर्दीतच तुटला. माजरीच्या खाणीत भाऊजींची पाळी बदलली का? चंदाच्या परकराचं माप पाठव. गेल्या वेळी दोऱ्याला गाठ मारून पाठवलंस आणि ती गाठ टपालातच सुटली. मग मी अंदाजानं शिवला तो तिला टाचेपर्यंत आला म्हणे! पोरगी वाढेल तशी बसेल त्यात.

आता खरी बातमी. बाई, मला टाळू मिळाली.

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यातून कालच छोट्या लायनीच्या गाडीनं परत आलो. टाळू म्हणजे एक गुलाबी पट्टी आहे, मागच्या अंगाला बोराएवढा गोळा. दोन्ही बाजूंना तारा आहेत, त्या दाढांना अडकवायच्या. जेवण झालं की काढायची, धुवायची, परत बसवायची. झाडूभाऊ म्हणून तिथले कारागीर आहेत, त्यांनी माझ्या तोंडात ओला चुना कोंबल्यासारखं काहीतरी कोंबून साचा घेतला. मी गुदमरलो, त्यांचं बोट चावलं, तरी माणूस हसतच होता. तू म्हणायचीस ना, देवानं मला घडवताना वरचं छप्पर घालायचं राहूनच गेलं? ते छप्पर झाडूभाऊंनी घातलं.

आणि गंमत ऐक. आपण शिंपीकाम करणारे माणसाची छाती मोजतो, कंबर मोजतो. हे डॉक्टर बोलणं मोजतात! एक थंडगार चकचकीत पत्रा असतो, आरशासारखा. त्यावर अर्धगोल रेघा, एकीबाहेर एक. तो नाकाखाली धरतात आणि बोलायला लावतात. वारा नाकातून निसटला की पत्र्यावर वाफ धरते. वाफ जितकी लांब पसरली तितकं बोलणं नाकातलं. डॉक्टरांनी माझा धंदा विचारला आणि मला म्हणायला वाक्य दिलं, "दादा, कापड कापा." टाळू नसताना म्हटलं तर वाफ शेवटच्या रेघेच्या पार गेली, सगळा पत्रा आंधळा. टाळू घालून म्हटलं आणि डॉक्टरांनी पत्रा माझ्यापुढे धरला. पहिल्या रेघेच्या आत मसुरीएवढा ठिपका, बस! मग त्यांनी विचारलं, तुला स्वतःला काय म्हणावंसं वाटतं? मी म्हटलं, "बाई." जन्मभर तुला माई म्हणत आलो, कारण ब माझ्या ओठांवर टिकतच नसे. परवा टिकला. पत्रा कोरडा राहिला, डोळे मात्र राहिले नाहीत.

डॉक्टर म्हणाले, जीभ अजून जुन्याच वाटेनं जाते, तिला रोज शिकवायचं. घरीही आरसा माठाच्या पाण्यानं गार करून धर आणि मी दिलेली वाक्यं म्हण. हे त्यांनी दोनदा बजावलं.

ताक प्यालो, नाकातून थेंब आला नाही. आज दुकानात कोळशाच्या इस्त्रीत फुंकर मारली. आजवर माझी फुंकर नाकातून पळून जायची, म्हणून रामाजीभाऊच मारायचे. मला जोराचा अंदाज नाही, मारली ती अशी की सगळी राख पाटलांच्या धुवट सदऱ्यावर. रामाजीभाऊ ओरडले, "अबे, टाळू बसवली का भाता बसवला?" सदरा मी पुन्हा धुतला, पण काय सांगू, राख उडाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

त्या गोष्टीचं तू विचारलंस. गेल्या शिमग्यात तू माझ्यासाठी सोमाजींच्या मुलीला मागणी घालायला गेलीस आणि ते म्हणाले, "पोरगा गुणाचा हाये, पण जल्मभर त्याची बहीणच बोलन का? त्याले पोरगी पाहिजे असन तं त्यानं सवता येऊन इचारावं." तू रागावून आलीस. मला राग आला नव्हता. माणूस खरं बोलला होता. ते दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत थांबणार आहेत, त्या जत्रेत सगळे सोयरे जमतात, तेव्हा मुलीचं कुठेतरी नक्की करतील. म्हणजे माझ्या हाती दिवाळीपर्यंतचा वेळ आहे. मुलीचं नाव इथे लिहीत नाही, तुला ठाऊकच आहे. नाव तोंडानंच घेईन.

तुझा
मुखरू

—

ब्रह्मपुरी
दि. २९ सप्टेंबर १९५७

ती. सौ. बाईस नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. चंदाचं माप या वेळी गाठीसकट पोचलं. परकर सुरू केला आहे.

इकडे मजेत. पाऊस उघडला. सगळ्यांना दिवाळीआधी कपडे हवेत आणि कापड मात्र आज आणून देतात.

टाळूचं विचारतेस. टाळू बटणांच्या डब्यात आहे. आहे एवढंच.

डॉक्टरांची वाक्यं म्हणून बघितली, तेव्हा आरसा स्वच्छ राहिला. पण "दादा, कापड कापा" म्हणून कुणाचं लग्न होत नाही. मला जो शब्द म्हणायचा आहे तो म्हटला की आरसा ठार आंधळा होतो. हळू म्हटला, जोरात म्हटला, नाक वर करून म्हटला. टाळू काढून घासून पुन्हा बसवली. रोज तेच. आरशाला काय कळतं कोणता शब्द आहे? वाफ ती वाफ. म्हणजे बाकी सगळ्या जगासाठी माझं तोंड दुरुस्त झालं आणि नेमकं त्या एका जागी भोक तसंच राहिलं. शब्द कोणता ते विचारू नकोस.

रामाजीभाऊ विचारतात, "काऊन बे, मुका झाला का पुन्हा?" मी शिवत राहतो. शिवणं चांगलं होतंय, काळजी नको.

बाई, मंडईला तूच ये आणि तूच बोल. शाळेत मास्तरांपुढे उभी राहून सांगायचीस ना, "तो म्हणते का त्याले पाणी पाहिजे"? तसंच आणखी एकदा सांग. सोमाजी नाही म्हणाले तर म्हणोत. विचारलंच नाही असं तरी होणार नाही.

तुझा
मुखरू

—

ब्रह्मपुरी
दि. १५ ऑक्टोबर १९५७

माझ्या लाडक्या बाईस मुखरूचे हजार नमस्कार, भाऊजींना गळाभेट, चंदाला दोन्ही गालांवर एकेक पापा. (प पाहा कसा फुटतो! दोन्ही पापे मी लिहिताना मोठ्यानं म्हटले.)

मागचं पत्र फाडून चुलीत टाक. मी गाढव आहे. आता पहिल्यापासून सांगतो, मध्ये हसू नकोस.

गेल्या मंगळवारी रामाजीभाऊ सूत आणायला गेले होते. दुकानात मी एकटा. मनात आलं, एकदा शेवटचं बघावं आणि ती टाळू नागपूरला परत देऊन यावी. डब्यातून काढली, बसवली, गिऱ्हाइकाचा हातआरसा माठाच्या पाण्यानं गार केला, दाराकडे पाठ केली आणि नाकाखाली धरून तो शब्द म्हटला. आरसा आंधळा. पुसला, पुन्हा म्हटला. पुन्हा आंधळा. मग मला असा संताप आला की मी ओरडूनच म्हटला.

पाठीमागून आवाज आला, "आली ना! काऊन बोंबलून राह्यला?"

दारात ती उभी. डोक्यावर गिरणीतला कोंडा, हातात चोळीचं कापड. रस्त्यानं चालली होती, तिनं आपलं नाव ऐकलं आणि कुणी बोलावतंय म्हणून आत आली.

बाई, आजवर मी हाक मारली आणि माणूस आलं असं तुझ्याशिवाय कुणाच्या बाबतीत घडलेलं नाही. माझ्या हातातून आरसा सुटता सुटता राहिला. ती म्हणाली, "आरशात कोनाले पाहून राह्यला? मी इथी हावो." माझा चेहरा पाहून तिचं हसू थांबलं. मग मी सगळं सांगितलं. टाळू, वाफ, रेघा. अडखळत सांगितलं, पण तिला एकदाही "काय?" म्हणावं लागलं नाही, हे माझ्या मागाहून लक्षात आलं.

तिनं माझ्या हातून आरसा ओढून घेतला, पदरानं पुसला, स्वतःच्या नाकाखाली धरला आणि म्हणाली, "मैना."

आरसा आंधळा!

मी बघतच राहिलो. तिनं पुन्हा पुसला, पुन्हा म्हटलं, पुन्हा तेच. "आता बोल," ती म्हणाली, "माह्याही टाळूले भोक हाये का?" तेवढ्यात रामाजीभाऊ आले. त्यांच्याही मिशांखाली आरसा धरून तिनं त्यांच्याकडून आपलं नाव वदवून घेतलं. तिथेही वाफ! मग "दादा, कापड कापा" म्हणायला लावलं, तर कोरडा. रामाजीभाऊंना काही कळेना. ते म्हणाले, "येडे झाले का रे तुमी दोघं?" दोघं म्हणाले ते मला फार आवडलं.

मैना जाताना उंबऱ्यावर थांबली. "नाव तं घेतलं. आता बाबाले इचारतं का आरशालेच इचारत बसतं?"

त्याच संध्याकाळी गेलो. सोमाजी अंगणात दोर वळत होते. रस्त्यात मी वाक्य पाठ केलं होतं, ते विसरलो. जे सुचलं ते म्हटलं, "बाबा, मैना मले द्या. मी सवता इचारून राह्यलो." त्यांनी दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "अजून एकखेप म्हन." मी म्हटलं. "अजून." मी पुन्हा म्हटलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. तर म्हातारा डोळे पुसत होता. "समजलं तं मले पयल्याच खेपेले," म्हणाले, "पन आयकाले गोड लागून राह्यलं." मग बायकोला हाक मारून म्हणाले, गूळ आण.

परवा टाळूची एक बाजू टोचत होती ती घासून घ्यायला नागपूरला गेलो, तेव्हा डॉक्टरांना आरशाचं सांगितलं. ते म्हणाले, "अरे, म आणि न सगळ्यांचेच नाकातून निघतात. म्हणून तर मी वाक्यं निवडून दिली होती. तू म्हणत होतास तरी काय?" झाडूभाऊ टाळू घासता घासता म्हणाले, "नाव असन सायेब, पोरीचं." माझे कान तापले. सांगावंच लागलं. डॉक्टर हसले आणि म्हणाले, "मैना? मग त्यासाठी टाळूची गरजच नव्हती. म आणि न तुला जन्मापासून नीट येत होते."

परतीच्या गाडीत मी तेच घोळवत राहिलो. माझ्या फुटक्या तोंडाला जे थोडं नीट म्हणता येत होतं, त्यातच तिचं नाव होतं, आणि भीतीपायी मी नेमकं तेच कधी उच्चारलं नाही. पण बाई, नुसतं नाव घेऊन भागत नाही. "बाबा" म्हणायला, "द्या" म्हणायला टाळू लागलीच. तेव्हा झाडूभाऊंचे उपकार कमी होत नाहीत.

सोमाजी म्हणतात, मंडईत सोयऱ्यांसमोर पुन्हा एकदा विचार, मग आम्ही हो म्हणू. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मंडई आहे. चंदाचा परकर तयार आहे, तुझी चोळीही शिवली आहे, माप मला तोंडपाठ आहे. नागभीडला गाडी बदलायला विसरू नकोस. मी स्टेशनवर उभा राहीन. तू डब्यातून उतरलीस की गर्दीत मला शोधू नकोस, नुसती थांब. मी हाक मारीन, माई नाही, बाई.

आजवर माझ्यासाठी बोलायला येत होतीस. या खेपेला ऐकायला ये.

तुझा
मुखरू