दुपारची बॅच

४ मार्च २००७

काचेची जिम सुरू झाली! अकोला रोडवर, नव्या इमारतीत. रस्त्यावरून आत पळणारी माणसं दिसतात. पळायचं मशीन, एसी, गाणी. माझ्याकडे काय — मोहनसिंगजींचा भाड्याचा हॉल, लोखंडी प्लेटा, दोन बाक आणि कोपऱ्यात तडकलेला आरसा. संध्याकाळची निम्मी पोरं आज तिकडे गेली. हरीश जाताना म्हणाला, "रत्नपालभाऊ, तिथं घामच येत न्हाई!"

घाम यावा म्हणूनच जिम असते ना?

९ मार्च

मोहनसिंगजी आले. करार मेअखेर संपतो आणि एक मोबाइलवाला हॉल मागून राहिला. "देख बेटा, हॉल दिनभर खाली पडा रहता है. चला के दिखा, नहीं तो चाबी दे." मी हो म्हणालो. नंतर पाण्याचा ग्लास उचलला, तर हात थरथरून अर्धं पाणी सदऱ्यावर.

हा हॉल गेला तर दहावी नापास माणसाला हिंगोलीत दुसरं काय जमणार?

१० मार्च

नीट विचार केला. त्यांचा धंदाच वेगळा. ते वर्षाची फी आधी घेतात, मग जो यायचं बंद करतो तोच फायद्याचा — मशीन झिजत नाही, गर्दी होत नाही. माझी फी महिन्याची. पोरगं चार दिवस दिसलं नाही की पुढचा महिना गेला. म्हणजे मला रोज येणारी माणसं पाहिजेत. आणि भाडं तर रिकाम्या हॉलचंही तेवढंच! दिवसभर मी भिंतींसाठी भाडं भरतो. पण भर दुपारी येणार कोण?

१२ मार्च

संध्या, माझी धाकटी बहीण. शाळेत कबड्डीची कप्तान होती, आता घरी शिवणकाम करते. भाकर वाढताना म्हणाली, "दादा, दुपारी लाइट नसते. टीव्ही बंद, मिक्सर बंद, माही मशीन बंद. गल्लीतल्या बाया वट्ट्यावर बसून राहतात. त्यांना बोलाव ना."

"बाया? माझ्याकडे?"

"तुह्याकडं काहून येतील? माह्याकडं येतील."

१९ मार्च

पहिली दुपारची बॅच. दार बंद, खिडकीला आईचं जुनं लुगडं, आणि मी बाहेर पायरीवर! तिघीच आल्या. आतून शेजारच्या सोजराबाईंचा आवाज — "संध्ये, आधी पदर खोचू का वजन उचलू?" मग हसणं. मग प्लेट पडली. माझा जीवच गेला!

२ एप्रिल

पायरीवर चपला मावत नाहीत!

काचेच्या जिमनंही बायांची बॅच काढली होती. पण लाइट गेली की मशीन बंद, आणि जनरेटर लावला की सगळी फी डिझेलात. शिवाय ती काच! तिकडे गेलेल्या गल्लीतल्या पुनमवहिनी दोन दिवसांत परत आल्या. "मी व्यायाम करून राहिले का रस्त्याला सिनेमा दाखवून राहिले?"

आपल्या लोखंडाला लाइट लागत नाही. जिंकलो!

१४ एप्रिल

जयंती. हॉल बंद. तरी मिरवणुकीत तिघी-चौघींनी संध्याला गाठलंच — "उद्या हाय ना?"

६ मे

आज पद्माबाई आल्या — मोहनसिंगजींच्या घरच्या! गुडघे धरत पायऱ्या चढल्या. मी घाबरून उभाच राहिलो. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "संध्या कुठं हाय?"

२८ मे

मोहनसिंगजी आले. खुर्चीत बसून त्यांनी घाम पुसला. "मोबाइलवाले को मना कर दिया. मुझे घर में रहना है, भाई!"

मी हसलो, हसता हसता डोळे भरले. पण पुढे म्हणाले, "पद्मा बोलती है, करार सिखानेवाली के नाम होगा."

मी दाराबाहेर पाहिलं. बोर्डावर माझं नाव आहे. संध्या दारात उभी होती. हळूच म्हणाली, "तू न्हाई म्हणलास तर मी न्हाई करत, दादा."

काहून नाही म्हणू? भरलेला हॉल कुणी भरला?

३१ मे

करार झाला. भाडेकरू — संध्या. साक्षीदार — मी. बाहेर आल्यावर आमच्या नव्या मालकीणबाई, म्हणजे संध्याच, म्हणाल्या, "सकाळ-संध्याकाळची पोरांची बॅच तुही. टायमावर येत जाय."

सही करताना माझा हात थरथरला नाही. तिचा थरथरला!