मोकळा तळहात

९ एप्रिल १९३७, पालम
ठरलं. आत्याला बसऱ्याला मीच न्यायचं. तिचा शिवा तिथं बंदरावर कारकून. त्याच्या बायकोचं, गौरीचं, पहिलं बाळंतपण, आणि हाताशी बाईमाणूस कुणी न्हाई. दादा म्हणले, "सिद्ध्यानं सात वर्षं फारसी घोकलीय, त्यालाच जाऊ द्या."
आत्या म्हणाली, "घोकलीय खरी. कुणाला कळती का?"
आमच्या दुकानातले सगळे हसले. मी पण. माझी कादंबरी (एकही माणूस बोलत न्हाई अशी) तिसऱ्या पानावर रुतून बसलीय. चला, नवा मुलूख तरी बघू.

१२ एप्रिल, परभणी ठेसन
गाडीला उशीर. आत्या फलाटाच्या कोपऱ्यात लिंगपूजा करायलीय. डाव्या तळहातावर लिंग, त्यावर पाणी, विभूती, बेलाचं पान. नजर हलत न्हाई. लहानपणी दीक्षेत गळ्यात आलं, तेव्हापासून ते लिंग तिनं कुणाच्या हाती दिलं न्हाई. पूजेआधी पाण्याचा थेंब न्हाई.

१८ एप्रिल, बोटीत
ओकाऱ्या. माझ्या. आत्या ठणठणीत.

२४ एप्रिल, बसरा
उतरल्यावर आधी तपासणी. कपडे, गाठोडी, सगळं वाफेत घालतात म्हणे. शिपाई घडाघडा बोलला. निम्मं कळलं, निम्मं मी मनानंच रचलं. जुनी खोड. आत्याला सांगितलं, "गळ्यातलं पण दे म्हणतोय. तासाभरात परत."
तिनं माझ्याकडं बघितलं. लिंगाची चांदीची डबी दोऱ्यासकट काढून कपड्यांबरोबर दिली.
कपडे आले. डबी आली न्हाई.
इथं सगळे अरबी बोलतात; माझी फारसी ऐकून शिपायानं दुसरा शिपाई बोलावला. त्यानं मला चहा पाजला. देव म्हणलं की मशिदीकडं बोट करतात, चांदी म्हणलं की सोनाराकडं. शिवा आला, पण त्याची अरबी पोती मोजण्यापुरती.
आत्या बाहेरच्या ओट्यावर बसून. "लिंगाबिगर पुढं पाऊल न्हाई. न्हाई घावलं तर ह्याच बोटीनं माघारी."
मी तिला दे म्हणालो. मी.

२५ एप्रिल
आत्याच्या तोंडात अजून पाणी न्हाई. ओठ फुटलेत, ऊन तर भट्टीचं. सकाळी निरोप आला, गौरीला कळा लागल्यात.
शिवा म्हणाला, "आई, घोटभर तरी घे."
"तू जा तिच्यापाशी. इथं काय करायलास?"
मी परत शिपायाकडं निघालो तर म्हणाली, "सिद्ध्या, तुझी ती फारसी गप कर जरा."
बायकांच्या तपासणीत कपडे सांभाळणारी म्हातारी दारात बसलेली, अंगभर काळं पांघरून. आत्या उठली, तिच्यासमोर मांडी घातली. डावा हात पसरला. मोकळा. आणि पूजा केली. सगळी. नसलेल्या तांब्यातलं पाणी, नसलेली विभूती, नसलेलं पान. नजर तळहातावर, तशीच, फलाटावरच्यासारखी.
म्हातारी आत गेली. उकडलेलं अंडं घेऊन आली, अलगद आत्याच्या तळहातावर ठेवलं.
मी डोळे मिटले. लिंगायताच्या घरची बाई, आणि हातावर अंडं!
आत्या हसायला लागली. दोन दिवसांत पहिल्यांदा. अंडं म्हातारीच्या मुठीत परत दिलं, गळ्यापासून छातीपर्यंत बोटानं दोरा काढून दाखवला, आणि तिथंच मूठ मिटली.
म्हातारीनं कपाळावर हात मारून घेतला. स्वतःच्या उराशी बांधलेलं फडकं सोडलं. आत डबी. वाफेत जाऊ नये म्हणून कालपासून जपून ठेवलेली, फक्त कुणाची ते तिला ठाऊक नव्हतं.
आत्यानं पूजा केली. मग पाणी मागितलं, आपल्या पालमच्या बोलीत. म्हातारीनं लगेच आणलं.
संध्याकाळी मुलगी झाली. आत्याच्या हातावर.

२६ एप्रिल
एका बैठकीत कादंबरीची अकरा पानं. कुणी बोलत न्हाई, सगळ्यांना कळतंय.

३० ऑगस्ट, पालम
येऊन आठवडा झाला. दुकानात येईल त्याला आत्या सांगायलीय, "आमच्या सिद्ध्याला तिथं कायबी बोलता येईना. पर लोकांनी चहा लय पाजला."
आज म्हणाली, "त्या डबीवाल्या म्हातारीला कागद धाड."
"काय लिहू?"
"लिहू नकू."
तिनं साखरेच्या पुड्याचा निळा कागद घेतला. विभूती गुळाच्या पाण्यात कालवली, डाव्या तळहाताला फासली आणि कागदावर हात उठवला. पांढरा, रेघांसकट. शिवाच्या पत्त्यावर पाठवला, तो नेऊन देईल.
"तिला कळेल का आत्या?"
"तुला कळालं न्हवं शेवटी? मग तिला तर कळंलच."

१९ सप्टेंबर
डाकवाला येऊन गेला. आमच्या नावचं काही न्हाई.
आत्या म्हणाली, "तिकडं निळा कागद घावायला येळ लागत असंल."