सात आठे चौपन्न

९ फेब्रुवारी, रविवार सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं पत्र परवा मिळालं. वहिनीच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे वाचून जीव भांड्यात पडला. तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की हटकून चढतोस, म्हणून सांगत नाही. माझं नेहमीचंच. वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर बसते, लोक पुस्तकं उशिरा आणतात आणि वर माझ्यावरच डोळे वटारतात.

बाबांचं नकाशांचं मोठं पुस्तक नातीसाठी न्यायला पुढच्या महिन्यात येतोयस, हे वाचलं आणि आधी कपाट उघडून ते पुन्हा एकदा बघून घेतलं. पुस्तक ठणठणीत आहे हं. पूर्वीपेक्षाही ठणठणीत आहे. त्याचं सांगते, पण आधी टाचणीचं सांगू दे.

टाचणी आठवते ना? माझी शाळेपासूनची मैत्रीण, अंगाने काडी आणि बोलायला टोचरी. हे नाव तूच ठेवलंस. तिचे वडील बाइंडर होते. त्यांच्यामागे तीच ते बाइंडिंगचं दुकान चालवते, जिन्याखालची ती एवढीशी खोली. चालवते म्हणजे काय, ढकलते. पुस्तक फाटलं की लोक हल्ली टाकून देतात, बांधून कोण घेतं? गेल्या महिन्यात गेले तर शेगडी गार. 'जेवलीस का?' विचारलं तर म्हणाली, 'तू काय जेवणाची तपासनीस आहेस का?' आणि कोपऱ्यातल्या लोखंडी यंत्रावर चिठ्ठी: 'विकणे आहे.' दादा, पुस्तकं दाबायचं ते यंत्र तिच्या बाबांचं. ते गेलं की तिचं दुकान बंदच. ती चिठ्ठी वाचून मला तिथेच भडभडून आलं.

दोन आठवड्यांवर तिचा साठावा वाढदिवस होता. काय द्यावं ह्याने माझ्या डोक्याचा नुसता भुगा झाला. गेल्या वर्षी कोट दिला होता. तिने 'छान आहे' म्हटलं आणि आठवड्यात तो शेजारणीच्या अंगावर दिसला. पैशांचं पाकीट दिलं असतं तर तिने मला जिन्यावरून ढकललंच असतं. मग एके दिवशी बस थांब्यावर उभी असताना डोक्यात आलं, हिला काम द्यावं. बांधायला एखादं पुस्तक.

आता इथे जरा थांबते. चहा ठेवून येते.

आले. तर आपल्या घरात मोडकं पुस्तक एकही नाही. बाबांची शिस्त तुला माहीत आहे, पान दुमडलं तरी त्यांचा चेहरा पडायचा. आणि मला लहानसहान काम द्यायचं नव्हतं, चांगलं आठवडाभर पुरेल असं हवं होतं. म्हणून मी ते मोठं पुस्तक काढलं, पलंगावर बसले, दोन्ही पुठ्ठे दोन हातांत धरले आणि ओढले.

हो. मीच. बाबांचं पुस्तक, ज्यात तू पेन्सिलीने जहाजांचे रस्ते काढले होतेस ते. तुला काय वाटेल ते बोल, मी ऐकून घेईन.

आणि तुटेना रे! इतकी मजबूत बांधणी. शेवटी गुडघा लावला तेव्हा पुस्तकाची पाठ सुटली. त्या आवाजाने माझ्याच अंगावर काटा आला. मग कापडात गुंडाळून टाचणीकडे नेलं आणि तोंड भरून खोटं बोलले, 'अगं, माळ्यावरून पडलं बघ.'

तिने पुस्तक टेबलावर ठेवलं. एक बोट मोडलेल्या कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवलं, डोळे मिटून. मग म्हणाली, 'पडलेलं पुस्तक कोपऱ्यावर मोडतं. हे ओढलंय. उजव्या हाताने जास्त.'

मी कापडाची घडी घालू लागले.

'माझी कीव आली तर तोंडावर सांग ना. ह्या पुस्तकाने तुझं काय वाकडं केलं होतं?'

दादा, तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. चाळीस-पन्नास वर्षांची मैत्री त्या टेबलावर संपली असंच मला वाटलं. 'घेऊन जा,' म्हणाली आणि परत द्यायला तिने पुस्तक उचललं. उचलताना लोंबणारी पाठ उलटली आणि आतली बाजू वर आली. ती तशीच उभी राहिली.

बाइंडर लोक पाठीला आतून कागदाचं अस्तर लावतात, कापडाखाली. नवा कागद कोण वाया घालवतो, हाताशी जे येईल ते लावतात. तिने खिडकीशी नेऊन बघितलं. मग ओल्या फडक्याने ती जुनी खळ हळूहळू भिजवली. घाई नाही, ओढाताण नाही. कांद्याचा पापुद्रा सुटावा तसा तो कागद सुटला आणि त्यावर शाई होती. वाकडी, मोठी, लहान मुलीची अक्षरं. साताचा पाढा.

'हे माझं अक्षर आहे,' ती म्हणाली.

सात सक बेचाळीस, सात साते एकोणपन्नास, सात आठे चौपन्न. आणि चौपन्नवर तिच्या बाबांची पेन्सिलीची गोल खूण.

मला ठाऊकच नव्हतं की आपल्या बाबांनी ते पुस्तक तिच्या वडिलांकडून बांधून घेतलं होतं. तुला होतं का? टाचणी स्टुलावर बसली आणि हसायला लागली, डोळे भरलेले आणि हसतेय. 'ही वही हरवली म्हणून मी शाळेत छड्या खाल्ल्यात! तीन दिवस शोधत होते. बाबाही शोधू लागले होते गं माझ्याबरोबर, पलंगाखाली वाकून! आणि स्वतःच कापून पुस्तकांना लावली होती.' मग एकदम थांबली. 'दोन ते दहा सगळे पाढे होते त्यात. म्हणजे बाकीचे कुठेतरी आहेत. कुणाकुणाच्या कपाटात, पुस्तकांच्या पाठीत.'

मी किती वेळ त्या कागदाकडे बघत होते कोण जाणे. आपण दोघं ते पुस्तक मांडीवर घेऊन समुद्र मोजत होतो, तेव्हा ती आठ वर्षांची मुलगी आपल्या हाताखाली पाढा म्हणत होती. अजूनही मला हे नीट पेलत नाही.

'ठेव तुझ्याजवळ,' मी म्हटलं. 'वाढदिवसाची भेट समज.'

'वेडी आहेस. ह्याच्यावर पाठ उभी आहे.' तिने तो कागद वाळवला आणि जिथे होता तिथेच पुन्हा लावला. एकेक फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा जुडगा, मेण लावलेल्या दोऱ्याने नव्याने शिवला, चार दिवस. तुझ्या जहाजांच्या रेषांना धक्का नाही. आणि पुस्तक हातात देताना मला म्हणाली, 'पुढच्या वेळी मोडकं आण. मोडून आणू नकोस.'

आणि आता माझ्या अकलेचे दिवे बघ. वाचनालयात माझ्या खुर्चीच्या मागे, अक्षरशः मागे, एक बंद कपाट आहे. सुतळीने बांधलेली मोडकी पुस्तकं, रद्दीत जायची. वीस वर्षं मी त्याला पाठ टेकून बसतेय! दुसऱ्या दिवशी उघडलं. निम्म्यांवर आत कोपऱ्यात तिच्या वडिलांचा शिक्का. ही टाचणीकडून बांधून घ्या म्हणून आमच्या ग्रंथपालांच्या मी इतकी मागे लागले की कंटाळून 'हो' म्हणाले. वाढदिवसाच्या दिवशी टाचणीला त्या कपाटाची किल्ली दिली. तिने ती माझ्या हातातून घेतली, दादा. घेतली आणि मुठीत धरून उभी राहिली.

आता वाचनालयाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचं टेबल आहे, रीतसर कामावर आहे. यंत्रावरची चिठ्ठी तिने फाडली. प्रत्येक पाठ उघडताना ती मला हाक मारते आणि मी रांगेतल्या लोकांना सोडून धावते. आतापर्यंत चार आणि नऊचे पाढे सापडले. नवाचा पाढा बिनचूक आहे, त्यावर बाबांची एकही खूण नाही, त्यामुळे ती जरा खट्टू झाली.

तेव्हा ये आणि पुस्तक घेऊन जा. रागव, पण आधी त्याच्या पाठीवरून अंगठा फिरव. आणि बाबांची आणखी दोन जाड पुस्तकं तू नेली होतीस ना, त्यांची पाठ सुटली असेल तर बरोबर आण. तिचा आठाचा पाढा अजून मिळालेला नाही.

सुटली असेल तरच हं. तिला कळतं.

तुझी, गुडघा लावून पुस्तक फाडणारी,
धाकटी