कोऱ्या कागदावरचा चहाचा डाग

प्रिय बसवराज,

उशिराबद्दल माफ कर. तू जाऊन आठ महिने झाले आणि मी आता लिहायला बसलो. वर आधी ‘साहेब’ लिहिलं होतं, मग ते खोडलं. जे विचारायचं आहे ते साहेबाला विचारण्यासारखं नाही. देवणीच्या शाळेत माझ्या शेजारी बसणाऱ्या बसूला विचारण्यासारखं आहे.

चौथीनंतर मी शाळा सोडली, तुला ठाऊकच आहे. जोडाक्षर आलं की अजून हात अडखळतो. हे पत्र कुणाकडून तरी लिहून घेता आलं असतं, पण घेतलं नाही. दुसऱ्यानं लिहायचं आणि खाली मी सही करायची, याचीच आता भीती बसली आहे.

झालं काय ते सांगतो. शेवटपर्यंत ऐक.

गेल्या गुरुवारी सकाळी नांदेडच्या दुकानात एक बाई आली. हॉटेल आता मुलगा बघतो, मी नुसता दारात खुर्ची टाकून बसतो, समोरच्या पोलीस ठाण्याकडं बघत. बाई पन्नाशीच्या आतबाहेरची, डोक्यावर ओढणी, खांद्याला शाळेतल्या मास्तरणीसारखी पिशवी.

“मन्मथप्पा तुम्हीच का?”

“हाव. चहा का कॉफी?”

“चहा नको चाचा. एक सही ओळखायची आहे.”

मला हसू आलं. म्हटलं, “बाई, ह्या ठाण्यात माझी सही ओळखत नाही असा जुना पोलीस सापडायचा न्हाई.”

ती हसली नाही. पिशवीतून एक कागद काढून तिनं माझ्या मांडीवर ठेवला. कोर्टाच्या जुन्या दप्तरातून काढलेली नक्कल होती. खाली माझी सही. नावाखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही सही तूच मला शिकवली होतीस बसू, कॅलेंडरच्या पाठीवर. म्हणाला होतास, “मन्मथ, आंगठा उठवत जाऊ नको. सही कर. माणसाची सही म्हणजे माणूसच.”

तिचं नाव शबाना. शाळेत शिकवते. तिचे वडील युसूफभाई, देगलूर नाक्याकडं गाद्या भरायचे, कापूस पिंजायचे. कागद होता त्यांच्या घराच्या झडतीचा पंचनामा. घरातून तीन तलवारी आणि एक सुरा निघाला आणि तो दोन पंचांच्या डोळ्यांदेखत निघाला, असं त्यात लिहिलेलं. दुसरा पंच कधीच वारला. उरलेला पंच मी.

मी त्या घरी गेलो नव्हतो, बसू! ते घर मी पाहिलंसुद्धा नव्हतं!

मी म्हटलं, “बाई, ह्या नावाचा कुणी दुसरा असंल.” तिनं कागदाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “मग हा गिलासाचा डाग कुणाच्या दुकानातला?” तिथं एक गोल डाग होता. नकलेत काळा उमटलेला, पण गोल, एका बाजूला थोडा तुटलेला.

आणि मला सगळं आठवलं. तुलाही आठवत असेल. तू नवा साहेब, शिकायला म्हणून काही महिने आमच्या ठाण्याचा ताबा तुझ्याकडं दिला होता. गावात तणाव होता, दुकानं दुपारीच बंद व्हायची. तू स्वतः चार कोरे कागद घेऊन हॉटेलात आलास. मी सह्या केल्या आणि एका कागदावर चुकून भरलेला गिलास ठेवला. तू ओरडलास, “अरे येड्या, सरकारी कागद हाय तो!” मी धोतराच्या सोग्यानं डाग पुसला. तू हसलास, मीही हसलो. डाग पडला तेव्हा त्या कागदावर माझ्या सहीशिवाय एक अक्षर नव्हतं. नकलेत तुझी अक्षरं त्या डागावरून गेली आहेत.

होय, तुझी. हाताखालच्या कुणाची नाहीत. तू ट्रेनिंगला असताना तुझ्या आईला येणारी पत्रं मीच वाचून दाखवायचो, एकेक अक्षर लावून. तुझा ‘ल’ मी झोपेतही ओळखेन. तलवारीतला ‘ल’ तुझा आहे.

शबानानंच मला पाणी दिलं. माझ्याच दुकानातलं पाणी, माझ्याविरुद्धचा कागद घेऊन आलेल्या बाईनं!

मला पंच कशाला म्हणतात ते कुठं कळत होतं? मला वाटायचं, गावात जसे चार मोठे लोक पंच असतात, तसा मी सरकारचा पंच झालो. आईनं गल्लीत शेंगदाण्याचे लाडू वाटले होते. ठाण्याला माणूस लागला की शिपाई नुसता हात करायचा आणि मी फडक्याला हात पुसत जायचो. कोर्टात बोलावलं की पांढरी टोपी घालून जायचो. सरकारी वकील विचारायचे, “सही तुमचीच का?” मी म्हणायचो, “हाव साहेब, माझीच.” खोटं कुठं बोलत होतो? सही माझीच होती! युसूफभाईंच्या खटल्यातही तसाच गेलो असेन. ते समोर पिंजऱ्यात उभे असतील. मी त्यांच्याकडं पाहिलंही नसेल.

अडीच वर्षं ते आत होते बसू. शबाना तेव्हा आईच्या पोटात होती.

आता माझी तक्रार ऐक. तू पुढं मोठा झालास. अरे, केवढा मोठा! त्या अवाढव्य शहराचा पोलीस आयुक्त! देवणीच्या बाजारात बैल विकणारी माणसंही तुझं नाव घ्यायची. गिरणी कामगारांच्या मोर्चावर गोळी चालवायला वरून सांगितलं, तेव्हा तू टोपी काढून एकटा गर्दीत शिरलास. बदली झाली, पण गोळी चालली नाही. कुणालाही धरलं तर त्याच्या घरी त्याच दिवशी कळवायचं, हा हुकूम तुझा. संध्याकाळनंतर बाईमाणसाला ठाण्यात बोलवायचं नाही, हाही तुझाच. आणि सगळ्यात गाजलेला हुकूम कोणता? कोऱ्या कागदावर कुणाचीही सही घ्यायची नाही, ठाण्यासमोरचे ठरलेले पंच चालणार नाहीत!

तो पेपरात छापून आला तेव्हा मी कात्रण कापून चौकटीत बसवलं. माझ्याच हॉटेलात, देवाच्या फोटोशेजारी. गिऱ्हाइकांना दाखवायचो, “बघा, आमच्या बसूनं काय केलं!” अरे, तो हुकूम माझ्यावरच होता की! मला एका शब्दानं तरी सांगायचंस!

तुला सांगायचं होतं का? गेल्या वर्षी तू आलास, काठी टेकत. चौकटीखालीच बसलास. चहा पुढं ठेवला तर गिलासाकडं बघत बसलास. मग विचारलंस, “मन्मथ, त्या कोऱ्या कागदांवर किती सह्या केल्या असशील रे?” मी हसत म्हटलं, “मोजल्या कुठं साहेब, तुमच्यासाठी अजून चार करतो.” तू चहा तसाच ठेवून उठलास. मला वाटलं, साखर जास्त झाली.

तेव्हाच का नाही बोललास? मी येडा, पण तू तर शिकलेला होतास!

परवा मी युसूफभाईंना भेटायला गेलो. त्यांच्या घरात आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवला. पंचनाम्यात लिहिलंय, ‘दारातून आत गेल्यावर उजव्या हाताला लोखंडी पेटी’. उजव्या हाताला दाराला लागूनच भिंत आहे, पेटीला जागाच नाही, अन् शबाना म्हणाली पहिल्यापासून तिथं भिंतच आहे. युसूफभाई खाटेवर होते, हातपाय वाळलेले. शबानानं त्यांना माझं नाव सांगितलं. मग म्हणाले, “मियाँ, तुम तो मेरे घर कू आएच नै थे.” मी म्हटलं, “न्हाई आलो, युसूफभाई.” ते म्हणाले, “यहीच बात कोरट में बोल देते तो!” मी हात जोडले. ते म्हणाले, “हात नक्को जोडो. बोलो.”

नंतर त्यांनी आणखी एक सांगितलं. सुटून आल्यावर त्यांच्याकडं गादी भरायला कुणी येईना. घरात तलवारी ठेवणाऱ्याला घरात कोण घेतो? पिंजायची धनुकली त्यांनी खुंटीला टांगली ती टांगलीच. ती मी पाहिली. तिच्यावर धूळ नव्हती. रोज पुसत असतील.

मग मी विचार करत राहिलो. त्या एका कागदाची फेड करायला तू एवढे हुकूम काढलेस का? हजारो लोकांची घरं वाचवलीस, हे खरं. मग त्या एका घराचं दार का नाही वाजवलंस? नांदेडला किती वेळा आलास तू! माझ्या हॉटेलातून देगलूर नाका किती लांब आहे?

शबाना म्हणते, चाचा, कोर्टात प्रतिज्ञापत्र द्या की मी तिथं नव्हतो, सही आधीच घेतली होती. वडील जायच्या आत त्यांच्या नावावरचा डाग जावा, एवढंच. मी मान हलवली आणि घरी येऊन तापानं पडलो. बीपीची गोळी दोनदा घेतली की एकदाही नाही, तेही आठवेना. या वयात मला आत टाकलं तर? खोटी साक्ष म्हटलं तर? मुलगा म्हणतो, “आप्पा, मेलेल्या माणसाची अब्रू कशाला काढता?” आणि वर अडचण अशी की पुढच्या महिन्यात उदगीरला अभ्यासिकेत तुझा फोटो लावणार आहेत. मंडळींचा फोन आला होता, “मन्मथप्पा, तुम्ही साहेबांचे लंगोटीयार. दोन शब्द बोला.” कोणते दोन शब्द बोलू रे?

घरातली मात्र भांडी घासता घासता म्हणाली, “खोट्या सहीला कधी भ्यायला न्हाईत, आन खऱ्या सहीला भिऊन राहिलात का?” तुझी वहिनी शाळेत एक दिवसही गेलेली नाही.

तेव्हा ऐक, तुला वचन देतो. सोमवारी मी कोर्टात जाणार. या वेळी आधी पूर्ण लिहिलेला कागद, तो मी स्वतः वाचणार, वेळ लागला तरी लागू दे, आणि मगच खाली सही. तुझं नाव त्यात येईल. चुकवणार नाही. उदगीरलाही जाईन आणि गोळी न चालवणारा बसू सांगेन, तसाच कोऱ्या कागदावर लिहिणारा बसूही सांगेन. लोक खाली बसवतील तर बसवू देत. कात्रणाची चौकट मी काढलेली नाही. तिच्याशेजारी पंचनाम्याची नक्कल लावायची म्हणतो. दोन्ही तुझेच कागद.

आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुला बसवून माती दिली तेव्हा मूठभर माती मीही टाकली होती. तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी टाकली असती, हेही लिहून ठेवतो.

एकच विनवणी आहे. मी जे करतोय ते तुला करायचं होतं का? त्या दिवशी चहा ठेवून उठलास, तेव्हा तेच सांगायला आला होतास का? हाव म्हण, नाही म्हण, स्वप्नात ये, कसंही कर. पण सोमवारच्या आत कळव. मी जाणारच आहे. फक्त एकट्यानं जायची हिंमत होत नाही, म्हणून लवकर कळव रे बसू.

तुझा,
मन्मथ
(खाली रेघ आणि दोन टिंबं, तू शिकवलीस तशी. वर सगळं वाचलं, मगच केली.)